जुन्या ऑफ-रोड वाहनाची गंजलेली चासी : तपासणी, कापकाम आणि जोडकाम

शिडीसारख्या बांधणीच्या चासीत दोन लांब साइड मेंबर असतात आणि त्यांना आडवे जोडणारे काही क्रॉस मेंबर असतात. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, स्टिअरिंग बॉक्स आणि बॉडी या साऱ्यांचा भार या सांगाड्यावरच असतो. बॉडीचा पत्रा गंजला तर वाहन वाईट दिसते. चासी गंजली तर जोराने ब्रेक दाबताना किंवा खडकाळ उतारावर चाक ज्या ब्रॅकेटने धरून ठेवलेले असते ते ब्रॅकेटच सुटू शकते. या चासीची दुरुस्ती सुसज्ज घरगुती गॅरेजमध्येही करता येते, मात्र करणाऱ्याला वेल्डिंग उत्तम यायला हवे आणि कुठे थांबायचे याची जाण हवी. पुढच्या सगळ्या विवेचनाचा आधार एकच आहे : नवे पोलाद फक्त शाबूत पोलादालाच जोडायचे. गंजाने पातळ झालेल्या कडेवर कितीही सुबक वेल्डिंग केले तरी तो सांधा त्या पातळ कडेइतकाच मजबूत राहतो, आणि बहुतेक फसलेल्या दुरुस्त्यांचे मूळ नेमके तिथेच सापडते.

गंज कुठे आणि का धरतो

साइड मेंबर दोन प्रकारचे असतात : एक बाजू उघडी असलेले सी आकाराचे आणि चारही बाजूंनी बंद असलेले पोकळ. सी आकाराच्या मेंबरचा गंज डोळ्यांना दिसतो, त्यामुळे तो वेळीच आवरता येतो. तिथे धोका असतो तो मुख्यतः रिव्हेटने दुहेरी पत्रे जोडलेल्या जागी. पोकळ मेंबरचे तसे नाही. चाकांनी उडवलेला चिखल, बारीक वाळू आणि मिठाचे पाणी छिद्रांतून आत शिरते, तळाशी साचते, निचऱ्याची छिद्रे बुजवते आणि मग तो गाळ आठवडेच्या आठवडे ओला राहतो. बाहेरचा रंग शाबूत असतो आणि आतून मात्र, वाळवीने तुळई पोखरावी तसा, तळाचा पत्रा खाल्ला जात असतो. बाहेरून भोक दिसेपर्यंत त्याच्या आजूबाजूचा बराच भाग कागदासारखा झालेला असतो, म्हणून दिसणाऱ्या भोकाच्या मापाचे ठिगळ कधीही पुरत नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे जिथे एक पत्रा दुसऱ्यावर बसवलेला असतो तो सांधा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे दोन पत्र्यांमध्ये तो वाढू लागला की पत्रे फुगून एकमेकांपासून दूर सरकतात, वेल्ड ताणले जातात आणि त्या फटीत आणखी पाणी शिरते. मीठ हवेतला ओलावा खेचून धरते आणि विद्युत-रासायनिक क्रिया वेगाने घडवते. समुद्रकिनारी चालवलेल्या किंवा हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवर वापरलेल्या वाहनांची अवस्था इतरांपेक्षा वाईट असते ती यामुळेच.

तपासताना काही जागा हमखास पाहाव्यात : मागच्या अ‍ॅक्सलवरून चासी जिथे कमानीसारखी वर चढते तो भाग, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) शॅकलचे, म्हणजे स्प्रिंगचे टोक चासीला जोडणाऱ्या दुव्याचे, आणि कंट्रोल आर्मचे, म्हणजे चाकाकडचा भाग चासीशी जोडणाऱ्या दांड्याचे ब्रॅकेट, बॉडी जिथे टेकते ती बाहेर आलेली ब्रॅकेट, इंधन टाकी आणि तळाच्या संरक्षक पट्टीच्या वरचा भाग, सर्वांत मागचा क्रॉस मेंबर, आणि पुढे स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टभोवतीची जागा. मॉडेलनुसार दुखणे बदलते. लँड रोव्हर डिफेंडरमध्ये मागचा क्रॉस मेंबर आणि बॉडीचे बाहेर आलेले आधार आधी जातात. १९९७ ते २००६ या काळातल्या जीप रँग्लर टीजेमध्ये मधल्या संरक्षक पट्टीच्या आसपास आणि मागच्या खालच्या कंट्रोल आर्मच्या ब्रॅकेटजवळ साइड मेंबर आतून सडतो. १९९५ ते २००० या काळातल्या टोयोटा टॅकोमाच्या चासी इतक्या गंजल्या, की कंपनीने २००८ मध्ये अमेरिकेत त्यांच्यासाठी गंजाविरुद्धची हमी १५ वर्षांपर्यंत वाढवली आणि अनेक वाहने परत विकत घेतली. आपल्या वाहनासाठी उत्पादकाची अशी एखादी योजना अजून लागू आहे का, हे कटर हातात घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

तपासणी

तपासणी घाईने उरकण्याचा मोह होतो, पण पुढचे सारे काम हिच्यावरच उभे असते. वाहन सपाट, पक्क्या फरशीवर उचलून भक्कम स्टँडवर ठेवावे. नुसत्या जॅकवर उभ्या वाहनाखाली कोणीही जाऊ नये. चाके आणि तळाच्या संरक्षक पट्ट्या काढाव्यात, चासी उच्च दाबाच्या पाण्याने बाहेरून आणि छिद्रांतून आतही धुवावी, आणि पूर्ण वाळू द्यावी. जुना डांबरासारखा जाड लेप असेल तर तो खरवडूनच काढावा लागतो. असा लेप तडकला की त्याच्यामागे पाणी अडकते आणि गंज निवांत वाढतो. नव्याने लावलेला दाट काळा लेप विकत घेतलेल्या जुन्या वाहनावर दिसला तर तो लपवण्यासाठी लावला असावा असे धरून तपासावे.

त्यानंतर लहान गोल तोंडाच्या हातोडीने साइड मेंबर दर दोन-तीन बोटांवर ठोकत जावे. शाबूत पोलाद खणखणीत वाजते आणि हातोडी उसळून परत येते. गंजलेली जागा बद्द आवाज देते, खपल्या आत झडल्याचा आवाज येतो, कधी हातोडीचा वळ उमटतो. वरून, बाहेरून आणि तळातून अशा तिन्ही बाजूंनी ठोकावे, कारण पोकळ मेंबरचा तळ आणि आतली बाजू आधी जाते. जिथे शंका येईल तिथे टोकदार टोच्या जोर देऊन खुपसावा. तो आत गेला तर ती जागा आधीच गेलेली होती, हे समजून हळहळू नये.

छिद्रांतून आत सोडता येणारा लवचीक कॅमेरा आता सहज मिळतो आणि या कामात त्याच्याइतके उपयोगी साधन दुसरे नाही. आतली भिंत नुसती तांबूस आहे की पापुद्रे सुटले आहेत, तळाशी गाळ किती आहे, कारखान्यातल्या वेल्डच्या रेषा शाबूत आहेत का, हे त्यातून दिसते. जाडी मोजण्यासाठी अल्ट्रासोनिक जाडीमापक वापरावे. मोजण्याची जागा घासून चकचकीत करावी, आधी त्याच मेंबरच्या निःसंशय चांगल्या भागावरचे माप घ्यावे आणि त्याच्याशी बाकीची मापे ताडावीत. हे यंत्र नसेल तर संशयित जागी ३ मिलिमीटरचे भोक पाडावे, टोक काटकोनात वळवलेली बारीक तार आत घालून आतल्या कडेला अडकवावी आणि जाडी मोजावी. मूळ जाडीचा चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक गेला असेल, म्हणजे ३ मिलिमीटरचा पत्रा सव्वादोनपर्यंत उतरला असेल, तर ती जागा मी कापण्याच्या यादीत घालतो. त्याहून कमी हानी असेल आणि तिथे कोणतेही ब्रॅकेट नसेल तर साफसफाई आणि लेप पुरतो. प्रत्येक माप खडूने चासीवरच लिहावे आणि छायाचित्रे काढून ठेवावीत. कापल्यावर खुणा राहत नाहीत.

दुरुस्ती की नवी चासी

एकाच बाजूला दोन-तीन जागा गेल्या असतील तर दुरुस्ती योग्य. दोन्ही साइड मेंबर एकाच आडव्या रेषेत सडले असतील, चासी मधून खचली असेल, दारांच्या फटी वर-खाली असमान झाल्या असतील, किंवा स्टिअरिंग बॉक्स आणि पुढच्या सस्पेन्शनच्या जागांचा बराचसा पत्रा गेला असेल, तर ठिगळांऐवजी संपूर्ण चासी बदलण्याचा विचार गंभीरपणे करावा. डिफेंडरसारख्या लोकप्रिय वाहनांसाठी गरम जस्तात बुडवलेल्या नव्या चासी मिळतात आणि कष्टांचा नीट हिशेब केला तर अनेकदा तोच मार्ग किफायतशीर ठरतो. काही मॉडेलांसाठी मागचा अर्धा भाग, बॉडीचे आधार किंवा कंट्रोल आर्मच्या ब्रॅकेटसह साइड मेंबरचा तुकडा असे तयार भागही मिळतात. ते उपलब्ध असतील तर घरी पत्रा वाकवून आकार जुळवण्यापेक्षा तेच घ्यावेत, कारण त्यांतली बोल्टची भोके मूळ जागी असतात.

येथे दोन गोष्टी विसरू नयेत. चासी क्रमांक कोरलेली जागा घासायची, कापायची किंवा वेल्डने झाकायची नाही. आणि चासीवरच्या वेल्डिंगबाबत आपल्याकडच्या वाहन-तपासणीचे नियम काय सांगतात, विमा कंपनी काय मागते, हे आधी विचारून घ्यावे, कारण काही जोडण्यांचे प्रकार तपासणीत मान्य होत नाहीत. जुन्या चासी सहसा साध्या, कमी कार्बनच्या पोलादाच्या असतात आणि वेल्डिंगला चांगला प्रतिसाद देतात. अलीकडच्या वाहनांत उच्च ताकदीचे पोलाद असू शकते, ते तापवल्याने कमकुवत होते, म्हणून अशा वाहनाचे कार्यशाळा-पुस्तक पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नये.

आगीची आणि वायूंची काळजी

इंधन टाकी उतरवून कामाच्या जागेपासून दूर ठेवावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ भरलेली असते. इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या, वायरिंग यांना साइड मेंबरपासून सोडवून बाजूला बांधावे. बॅटरीचे आधी ऋण आणि मग धन टोक काढावे, इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतील तर त्यांचे प्लगही काढावेत. कापण्याच्या जागेच्या वर बॉडीच्या आत गालिचा, फोम किंवा ध्वनिरोधक लेप असेल तर तो हटवावा. पूर्वीच्या मालकाने साइड मेंबरमध्ये मेण किंवा तेल फवारले असेल तर ते आतच पेट घेऊ शकते, आणि ही आग बाहेरून दिसत नाही. अग्निशामक हाताशी ठेवावा, मदतीला दुसरी व्यक्ती असावी, आणि शेवटचा टाका मारून झाल्यावर किमान अर्धा तास तिथून हलू नये.

ज्या एका धोक्याची माहिती फार थोड्यांना असते तो म्हणजे ब्रेक क्लीनरचा. क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागी वेल्डिंगची ज्योत लागली की फॉसजीन हा जीवघेणा वायू तयार होऊ शकतो. त्यामुळे वेल्डिंगच्या जागेवर तो वापरूच नये; तेलकटपणा अ‍ॅसिटोनने काढावा आणि ते पूर्ण उडून जाऊ द्यावे. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करताना निघणारा पांढरा धूर श्वासात गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. म्हणून कडेचे जस्त आधी घासून काढावे, हवा खेळती ठेवावी आणि धुरासाठीचा श्वसन-मुखवटा लावावा. ग्राइंडरवर वाटीच्या आकाराचा तारांचा ब्रश लावला की त्याच्या तारा सुटून उडतात. चष्म्यावर पूर्ण चेहऱ्याचे आवरण घेतल्याशिवाय तो चालवू नये.

गंजलेले बोल्ट सोडवणे हे स्वतंत्रच प्रकरण आहे. त्यांवर भेदक तेल काही दिवस आधीपासून रोज सोडत राहावे, सोडवताना आधी किंचित आवळून मग सैल करावे आणि नट तापवून पाहावा. साइड मेंबरच्या आत वेल्ड केलेला नट सुटून फिरू लागला तर तिथे खिडकी कापून तो बाहेर काढणे हाच सरळ उपाय आहे.

आधार आणि मोजमापे

इंजिन आणि बॉडी वर असताना साइड मेंबर भाराखाली असतो. तो कापताच दोन्ही टोके हलतात आणि हललेल्या स्थितीत वेल्ड केले तर चासी कायमची वाकडी होते. म्हणून कापण्यापूर्वी पाणसळ लावून वाहन समतल करावे, कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना, जवळ, स्टँडचे आधार द्यावेत आणि शक्य तितके वजन उतरवावे. बॉडी पूर्ण काढता आली तर उत्तम. नाही तर तिचे बोल्ट सैल करून ती थोडी उचलली तरी वरच्या बाजूला हात पोहोचतो.

चासीवरच्या कारखान्यातल्या छिद्रांतून ओळंबा सोडून फरशीवर बिंदू खुणावावेत. पुढच्या डाव्या बिंदूपासून मागच्या उजव्यापर्यंत आणि त्याच्या उलट, असे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे असतील तर चासी तिरपी झालेली नाही. किती फरक चालतो हे कार्यशाळा-पुस्तकात दिलेले असते. ही मापे कापण्यापूर्वी, ठिगळ टाक्यांवर (छोट्या तात्पुरत्या वेल्डवर) उभे केल्यावर आणि काम संपल्यावर अशी तीनदा घ्यावीत. कापायच्या जागेवरून लोखंडी अँगलचा तात्पुरता टेकू दोन्ही शाबूत टोकांना टाक्यांनी जोडावा. एका वेळी एकाच बाजूचा मेंबर उघडावा, आणि पहिली बाजू पूर्ण वेल्ड होईपर्यंत दुसरीला हात लावू नये.

कापणे

पातळ कटिंग चकतीने खडूच्या खुणेवर, म्हणजे जिथे जाडी पूर्ण मिळाली तिथपर्यंत, कापावे. कोपरे काटकोनात ठेवू नयेत. १० ते १५ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई द्यावी, कारण तडा नेहमी तीक्ष्ण कोपऱ्यातून सुरू होतो. कापलेली कड चकचकीत आणि सलग जाडीची दिसायला हवी. ती खवल्याखवल्यांची किंवा दोन पदरांची दिसली तर आणखी मागे सरकावे, मग ठिगळ कितीही लांब होवो. याच टप्प्यावर बहुतेकांचा धीर सुटतो आणि इथेच तो टिकवायला हवा.

मेंबर उघडला की आतून साफ करण्याची ही एकमेव चांगली संधी असते. लांब दांड्याच्या खरवडणीने गाळ आणि खपल्या ओढून काढाव्यात, व्हॅक्यूम लावावा, जिथे हात पोहोचतो तिथे हवेच्या दाबावर चालणाऱ्या, सुयांनी ठोके देणाऱ्या स्केलरने पापुद्रे झाडावेत, आणि कॅमेरा पुन्हा आत सोडून दोन्ही दिशांना पाहावे. पुष्कळदा खुणेपलीकडचे नुकसान तेव्हाच उमगते.

ठिगळाचा आकार

चासीच्या वेल्डिंगमधला सगळ्यांत महत्त्वाचा विचार हा भार कसा वाहतो याचा आहे. साइड मेंबर वाकतो तेव्हा सर्वाधिक ताण आणि दाब त्याच्या वरच्या आणि खालच्या पट्टीत असतो. उभ्या भिंतीच्या मध्यावर तो सगळ्यांत कमी असतो. म्हणून उभ्या भिंतीत केलेली दुरुस्ती बरीच क्षमाशील असते, वर-खालच्या पट्ट्यांत केलेली नसते. मेंबरच्या आरपार एकाच उभ्या रेषेत वेल्ड आला, तर त्याच्या बाजूचा तापलेला, किंचित बदललेला पत्रा सगळा एका ओळीत येतो आणि थकव्याचा, म्हणजे वारंवार ताण पडून येणारा तडा त्या ओळीतूनच धावतो.

त्यामुळे सांधा तिरका, साधारण ४५ अंशांचा, किंवा पायरीसारखा घ्यावा, जेणेकरून वरच्या पट्टीचा, भिंतीचा आणि खालच्या पट्टीचा सांधा एकाच जागी येणार नाही. उभ्या भिंतीतल्या भोकासाठी कापलेल्या जागेत नेमके बसणारे, कडेला कड जुळणारे ठिगळ सर्वोत्तम. बाहेरून पत्रा चढवला तर दोन पदरांमध्ये पाणी साचण्याची जागा पुन्हा तयार होते. पुठ्ठ्याचा साचा करून त्यावरून पत्रा कापावा आणि चारही बाजूंनी १ ते २ मिलिमीटरची फट राहील असा घासून बसवावा.

संपूर्ण तुकडा बदलायचा असेल तर आत सरकवता येणारी बाही करावी : साइड मेंबरच्या आतल्या मापाची, सांध्याच्या दोन्ही बाजूंना मेंबरच्या उंचीइतकी तरी शिरणारी. बाहेरच्या भिंतीत १० ते १२ मिलिमीटरची भोके पाडून त्यांतून बाहीला वेल्ड भरावेत आणि मग मुख्य सांधा वेल्ड करावा; तेव्हा बाही मागचा आधार म्हणूनही काम करते आणि वितळलेले पोलाद आत गळत नाही. वर-खालच्या पट्ट्यांत मात्र अशी भोके पाडू नयेत.

बाहेरून बळकटी पट्टी द्यावीच लागली तर ती चौकोनी नको. दोन्ही टोकांना निमुळती, पतंगाच्या आकाराची असावी, म्हणजे मजबूत भागाकडून साध्या भागाकडे ताण हळूहळू उतरतो. तिच्या लांबीच्या कडा वेल्ड कराव्यात, पण टोकाशी पट्टीवर आडवा वेल्ड घालू नये. जाडी मूळ पत्र्याइतकीच ठेवावी. दुप्पट जाडीचा पत्रा लावला की चासी अधिक बळकट होईल असे वाटते, प्रत्यक्षात तो भाग ताठर होतो, वाकण्याचा सगळा भार त्याच्या कडेवर येतो आणि ठिगळाला लागून नवा तडा जातो. पोलाद साध्या, ओळखीच्या दर्जाचे घ्यावे. भंगारातल्या अज्ञात तुकड्यांत कार्बन अधिक असू शकतो आणि असे पोलाद वेल्डजवळ ठिसूळ होते.

वेल्डिंग

सांध्याच्या दोन्ही बाजूंना किमान २५ मिलिमीटरपर्यंत, आतून आणि बाहेरून, उघडे चमकदार पोलाद दिसले पाहिजे. दोन ते तीन मिलिमीटरच्या पत्र्यासाठी मिग यंत्र (तार आपोआप पुढे सरकवत वायूच्या कवचाखाली वेल्ड करणारे), ०.८ मिलिमीटरची तार आणि अर्गन-कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण हा सर्वांत सोयीचा संच आहे. उघड्यावर वारा असेल तर वायूचे कवच उडून जाते आणि वेल्ड जाळीदार होतो. तिथे फ्लक्स भरलेली तार किंवा इलेक्ट्रोडचे वेल्डिंग बरे. ई७०१८ जातीच्या इलेक्ट्रोडच्या कांड्या वापरायच्या असतील तर त्या कोरड्याच हव्यात, दमट झालेल्या कांडीतला हायड्रोजन वेल्डमध्ये तडे पाडतो.

चासीला हात लावण्यापूर्वी कापून काढलेल्या शाबूत कडेचा आणि नव्या पत्र्याचा नमुना-सांधा वेल्ड करावा, पकडीत धरून हातोड्याने वाकवून तोडावा. पत्रा फाटला आणि वेल्ड टिकला तर यंत्राची मांडणी बरोबर आहे. वेल्ड कडेपासून उखडला तर उष्णता आत पोहोचलेली नाही. नंतर तसाच नमुना डोक्यावरच्या स्थितीत करून पाहावा, कारण वाहनाखाली पडून वर बघत वेल्ड करणे सपाट मेजावरच्या कामापेक्षा फार वेगळे आहे. त्यात हात बसत नसेल तर मोजणे, कापणे, साफ करणे आणि ठिगळ बसवणे एवढे स्वतः करावे आणि वेल्डिंगसाठी प्रमाणित कारागीर बोलवावा. बहुतेक श्रम तयारीतच असतात, त्यामुळे त्याचा वेळ आणि आपला खर्च दोन्ही कमी लागतात.

अर्थ क्लॅम्प (वेल्डिंगचा प्रवाह यंत्राकडे परत नेणारी पकड) ठिगळाजवळच, घासलेल्या पोलादावर लावावा. तो दूर लावला तर प्रवाह बेअरिंगांतून जाऊन ती खराब करू शकतो. आधी दर २५ मिलिमीटरवर टाके मारावेत, कर्ण मोजावेत, मग २० ते ३० मिलिमीटरचे छोटे वेल्ड एकमेकांपासून दूर, समोरासमोरच्या बाजूंना घालत जावे, म्हणजे उष्णता एका जागी साचून चासी ओढली जात नाही. पाण्याने थंड करू नये. प्रत्येक वेल्डच्या शेवटी राहणारा खड्डा भरून घ्यावा आणि वेल्ड कोपऱ्यात संपवू नये. छिद्राळ वेल्डवर दुसरा थर चढवून तो झाकला जात नाही. तो घासून काढून नव्याने घालावा. वेल्ड पत्र्याच्या पातळीला घासून नाहीसा करणे दिसायला छान असले तरी त्याने जाडी कमी होते. टोकदार उंचवटे मोडले की पुरे. काम संपल्यावर रंगद्रव भेदन चाचणी करावी : लाल द्रव लावून पुसायचा, पांढरा विकासक (डेव्हलपर) द्रव फवारायचा, आणि तडा असेल तर त्यातून लाल रेषा उमटते.

आतला आणि बाहेरचा लेप

गंज-परिवर्तक द्रवांबद्दल अपेक्षा माफक ठेवाव्यात. फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाचे हे द्रव पृष्ठभागावरच्या पातळ गंजाचे स्थिर संयुगात रूपांतर करतात. गेलेली जाडी ते परत आणत नाहीत आणि सुटलेल्या पापुद्र्यांखाली पोहोचत नाहीत. हायड्रोक्लोरिक आम्ल चासीवर वापरूच नये, ते सांध्यांमध्ये अडकून आतून खात राहते.

बाहेरून घासलेल्या किंवा वाळूच्या फवाऱ्याने साफ केलेल्या पोलादावर त्याच दिवशी इपॉक्सी किंवा जस्तयुक्त प्राइमर द्यावा, त्यावर चासीसाठीचा चिवट रंग. वेल्डमागच्या आतल्या बाजूचा लेप उष्णतेने जळून गेलेला असतो आणि दुरुस्ती दोन-तीन वर्षांत पुन्हा उघडते ती बहुधा तिथूनच. म्हणून आत आधी लांब नळीने, सर्व दिशांना फवारणाऱ्या तोंडाने चासीच्या पोकळीसाठीचा रंग मारावा आणि तो वाळल्यावर पोकळीत वापरायचे मेण फवारावे, निचऱ्याच्या छिद्रांतून ते थेंबथेंब बाहेर येईपर्यंत. क्रम उलटा होऊ नये, कारण मेण लागल्यावर तिथे रंग धरत नाही आणि वेल्डिंगही करता येत नाही. शेवटी प्रत्येक निचरा-छिद्र तारेने मोकळे करावे. पाणी आत येऊ नये म्हणून ती बुजवण्याची सवय काहींना असते. पाणी कुठूनतरी येतेच, त्याला जाण्याची वाट ठेवावी लागते.

जोडणी आणि नंतरचे लक्ष

सस्पेन्शनचे बोल्ट परत बसवताना गंजून बारीक झालेले बोल्ट बदलून मूळ ताकदीच्या दर्जाचेच घ्यावेत, ८.८ च्या जागी ८.८ आणि १०.९ च्या जागी १०.९. रबरी बुशमधले बोल्ट वाहन चाकांवर उभे राहून आपल्या नेहमीच्या उंचीवर आल्यानंतरच आवळावेत. लटकत्या स्थितीत आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. ब्रेकच्या नळ्या घासणार नाहीत अशा क्लिपांत बसवाव्यात, गळती तपासावी, आणि चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी. अलाइनमेंट जुळत नसेल तर कर्ण पुन्हा मोजावेत.

पहिली फेरी सपाट रस्त्यावर, रिकाम्या वाहनाने घ्यावी. काहीशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने पाहावेत आणि वेल्डच्या कडा दिव्याच्या प्रकाशात न्याहाळाव्यात. रंगातली केसासारखी रेष आणि तिच्यातून पाझरलेला तांबूस ओघळ ही खाली तडा गेल्याची खूण असते. तसे दिसले तर वाहन थांबवावे आणि रंग काढून भेदन चाचणी पुन्हा करावी. चिखलातून किंवा समुद्राच्या पाण्यातून आल्यावर चासी गोड्या पाण्याने आतूनही धुवावी, वर्षातून एकदा पोकळीत कॅमेरा सोडावा आणि जिथे मेण उडालेले दिसेल तिथे ते पुन्हा फवारावे.